वाचक विचारतात : जुन्या करवती आणि माईटर बॉक्स

हाताच्या अवजारांबद्दल आलेल्या पत्रांपैकी करवत आणि माईटर बॉक्सची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ज्यांनी माईटर बॉक्स पाहिला नसेल त्यांच्यासाठी: बिडाच्या बैठकीवर दोन उभे खांब असतात, त्यांत लांब पाठीची (वरच्या कडेवर ताठ पट्टी बसवलेली) करवत अडकवलेली असते आणि ती ठरावीक कोनावर खटकन बसते. फ्रेम, चौकटीच्या पट्ट्या, पॅटर्नचे (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात त्या नमुन्याचे) तुकडे अशा कामांचे हे अवजार. प्रश्न थोडे आटोपते केले आहेत.

कोल्हापुरात जुनी, चांगल्या पोलादाची करवत कुठे मिळेल? घेताना काय पाहायचे? (राजारामपुरी)

पहिला तपास शिवाजी उद्यमनगरात करा. फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्यांनी चांगल्या करवती जपून वापरल्या, कारण पॅटर्नमधली चूक पुढे प्रत्येक ओतीव नगात उतरते. आता बरेच पॅटर्न ॲल्युमिनियमचे किंवा मशीनवर कापलेले असतात, त्यामुळे जुन्या पेट्या माळ्यावर पडून असतात. ‘करवत आहे का’ असे विचारू नका, ‘पॅटर्नवाल्यांची जुनी पेटी आहे का’ असे विचारा. माईटर बॉक्स निघाला तर असाच निघतो. त्यानंतर टिंबर मार्केटच्या आसपासचे जुने सुतार, फ्रेमवाले, आणि वाडे उतरवणारे ठेकेदार. भंगारवाल्याकडे सगळ्यात शेवटी जा. तिथे करवत सळ्यांच्या ढिगाखाली दबते, पाते मुडपते, आणि मग ती वजनावर गेलेलीच बरी.

घेताना गंजाकडे नंतर बघा, आधी पाते सरळ आहे का ते बघा. मूठ गालाशी आणा, दात वर करा आणि दातांच्या ओळीवरून टोकाकडे नजर टाका. पाते एका लांब कमानीत वळलेले असेल तर हाताने उलटे वाकवून सरळ होते. एकाच जागी मोड पडला असेल तर तो ऐरणीवर ठोकूनच काढावा लागतो, आणि ठोकताना तिथले पोलाद ताणले जाऊन पाते तेवढ्यात ढिले पडते. नवख्याने मोडाची करवत फुकट मिळाली तरी घेऊ नये. मग टोक धरून पाते वाकवा आणि सोडा. ते स्वतःहून सरळ व्हायला हवे.

गंजाचा तपकिरी थर चालतो, खड्डे चालत नाहीत, विशेषतः दातांच्या लगतच्या अर्ध्या इंचात. धार लावता लावता दाताचे टोक एखाद्या खड्ड्यात आले की ते तिथेच तुटते. दात सगळे हवेत असे नाही. चारदोन तुटलेले दात कानशीने पुन्हा पाडता येतात. टोकाकडे पात्याची उंची बोटभर उरली असेल तर त्या करवतीचे आयुष्य संपत आले आहे.

आणि एक. दातांची टोके निळसर-काळी दिसत असतील तर ती अलीकडची, टोके कडक केलेली करवत आहे. तिला कानस लागत नाही, नुसती घसरते. तिला धार लावायची सोय नाही.

माझ्या करवतीच्या मुठीवर पितळी बिल्ला आहे. त्यावर गरुड आणि ‘वॉरंटेड सुपीरियर’ एवढेच आहे. ही कोणत्या कंपनीची? पात्यावर ‘कास्ट स्टील’ असाही शिक्का आहे, म्हणजे हलका माल का? (गडहिंग्लज)

‘वॉरंटेड सुपीरियर’ हे कंपनीचे नाव नाही. अनेक कारखाने आपल्या दुय्यम मालावर, किंवा एखाद्या दुकानदाराच्या नावाने विकायच्या मालावर, हा तयार बिल्ला लावत. गरुड असेल तर करवत बहुधा अमेरिकी, ढाल आणि सिंहाचे राजचिन्ह असेल तर बहुधा इंग्रजी. दुय्यम म्हणजे टाकाऊ नव्हे. अशा कित्येक करवतींचे पोलाद उत्तम आहे, फक्त मूठ साधी असते.

‘कास्ट स्टील’चा बिडाशी संबंध नाही. मुशीत वितळवलेले पोलाद असा त्याचा अर्थ. ही पद्धत शेफील्डला बेंजामिन हंट्समनने १७४०च्या दशकात आणली आणि चांगली इंग्रजी अवजारे पुढे दीडशे वर्षे तिच्यावर चालली. तो शिक्का म्हणजे जमेची बाजू समजा.

बिल्ल्यावर ‘डिस्टन’ असेल तर वय काढणे सोपे जाते. हेन्री डिस्टनने फिलाडेल्फियात १८४० साली सुरुवात केली आणि १९५५ मध्ये तो कारखाना एच. के. पोर्टर कंपनीकडे गेला. मधल्या काळात बिल्ल्यावरचा मजकूर वेळोवेळी बदलत गेला. म्हणून बिल्ला चिंचेने किंवा भांडी घासायच्या पावडरने चकाचक करू नका. अक्षरे आधीच झिजलेली असतात, उरलेली जातील. ओल्या फडक्याने पुसा, पुरे.

पाते पूर्ण तांबूस झाले आहे. ॲसिडमध्ये बुडवू का? ग्राइंडरला वायर ब्रश लावू का? (कागल)

दोन्ही नको. ॲसिडमध्ये कडक पोलाद हायड्रोजन शोषते आणि ठिसूळ होते. दात वाकवायला गेलात की कटकन तुटतात. फिरत्या ब्रशने पाते एका जागी तापते, आणि पातळ पाते तापले की त्याला पोक येते.

आधी मूठ काढा. पाते सपाट लाकडी फळीवर ठेवा, रॉकेल शिंपडा, आणि दाढीचे जुने पाते किंवा पटाशी जवळजवळ आडवी धरून गंजाचे पापुद्रे खरवडा. बराचसा गंज एवढ्यानेच निघतो. मग वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, रॉकेलसह, पात्याच्या लांबीनेच घासा: २२० पासून सुरू करा, ३२०, ४००, आणि वाटले तर ६००. बोटाने पेपर दाबून घासू नका. बोट खड्ड्यात उतरते, ठोकळा उतरत नाही. पाठीपासून खाली, पात्याच्या साधारण मध्यावर कारखान्याची कोरीव अक्षरे असू शकतात. तिथे २२० चा पेपर लावू नका. ४०० नेच हलके घासत चला. अक्षरांतला काळेपणा राहतो, भोवतीचे उजळते आणि नाव वाचता येते.

आरशासारखी चकाकी आणायच्या मागे लागू नका. पाते काळपट राहिले तर बिघडत काही नाही, गुळगुळीत झाले की काम झाले. शेवटी कोरड्या फडक्याने पुसून लगेच शिवणयंत्राचे तेल फिरवा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबरमध्ये उघडे पाते रात्रभर ठेवलेत तर सकाळी पुन्हा तांबूस छटा दिसेल.

२६ इंची करवतीला घरी धार लावायची आहे. कानस कोणती, किती तिरकी धरायची? आमच्याकडे एकाने लावून दिली, पण करवत सारखी डावीकडे ओढते. (इचलकरंजी)

आधी ओढण्याचे. करवत ज्या बाजूला ओढते त्या बाजूचे दात जास्त बाहेर वाकलेले असतात. तुमच्या करवतीची डावी बाजू वर करून ती फळीवर सपाट ठेवा आणि बारीक दगड दातांच्या बाजूंवरून, पात्याला समांतर, एकदा हलका फिरवा. कापून बघा. अजून ओढत असेल तर आणखी एकदा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते, धार पुन्हा लावावी लागत नाही.

आता धार. आधी करवत कशासाठी आहे ते ठरवा. इंचात किती टोके बसतात ते मोजा, दोन्ही कडांची टोके धरून. जुन्या करवतींवर हा आकडा मुठीजवळ ठोकलेला असतो. ५ ते ७ टोकांची बहुधा उभे चिरायला, ८ ते १२ टोकांची आडवे कापायला. चिरायच्या करवतीत दाताची पुढची कड जवळजवळ उभी असते, ० ते ५ अंश मागे, आणि कानस पात्याला काटकोनात चालते. आडव्या कापणीत पुढची कड १२ ते १५ अंश मागे झुकलेली असते आणि कानस साधारण २० अंश तिरकी चालते, त्यामुळे दाताला चाकूसारखी कड येते. या करवतीने उभे चिरायला गेलात तर कापते, पण फार हळू.

कानस त्रिकोणी हवी, आणि तिची बाजू दाताच्या उंचीच्या दुपटीपेक्षा किंचित मोठी हवी. कारण एका खाचेला कानशीच्या दोन बाजू आणि एक कोपरा झिजतो; बाजू लहान असेल तर तीच पट्टी दोनदा वापरली जाते आणि मधोमध बोथट होते. ८ टोकांच्या करवतीला ६ इंची बारीक त्रिकोणी कानस चालते. बॉक्सच्या ११ टोकांच्या करवतीला त्याहून सडपातळ घ्या. स्वस्तातली कानस एका करवतीतच बोथट होते.

पाते दोन लाकडी पट्ट्यांमध्ये घालून शिकंजात घट्ट धरा. खाचेच्या तळापासून पट्टीच्या कडेपर्यंत ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त मोकळे ठेवू नका. पाते थरथरले की कानस किंचाळते आणि लवकर मरते. आवाज आला की थांबा, पाते आणखी खाली घ्या.

पहिले काम दात एका पातळीत आणणे. सपाट कानस ठोकळ्याला काटकोनात बसवा आणि दातांच्या टोकांवरून मुठीपासून टोकापर्यंत फिरवा, प्रत्येक टोकावर चमकणारा ठिपका येईपर्यंत. उन्हाकडे पाठ करून बघितले तर हे ठिपके स्पष्ट दिसतात. काही ठिपके मोहरीएवढे, काही टाचणीच्या टोकाएवढे असतील. मोठा ठिपका म्हणजे उंच दात. धार लावण्याचे सगळे कसब या ठिपक्यांत आहे: प्रत्येक ठिपका जेमतेम नाहीसा होईपर्यंत घासायचे, नंतर एक घासही नाही. मोठा ठिपका असलेल्या दाताच्या बाजूला कानस जास्त दाबायची. हे न करता प्रत्येक खाचेला मोजून तीन घास मारणाऱ्यांची करवत दोन-तीन खेपांत एक दात मोठा, एक दात बारीक अशी होते.

दुसरे, दात वाकवणे, म्हणजे सेट देणे. एक सोडून एक, आधी एका बाजूचे, मग दुसऱ्या. दाताचा वरचा निम्मा भागच वाकला पाहिजे. मुळापासून वाकवलात तर दात तडकतो, किंवा पात्याला लाट येते. पाते ०.८ मिलिमीटर जाड असेल तर चीर १.१ ते १.२ मिलिमीटर पुरे. ओल्या आंब्याच्या फळ्या कापायच्या तर थोडी जास्त, वाळलेल्या सागवानाला कमी. इक्लिप्सचा ७७ नंबरचा सेट प्लायर मिळाला तर घ्या, पण त्यावरचे आकडे जरा सढळ आहेत. एक घर कमी सेट देऊन सुरुवात करा.

तिसरे, प्रत्यक्ष धार. सगळे दात मार्करने काळे करा आणि जुन्याच कोनात कानस एकदा फिरवा. काळे सगळीकडून गेले तर कोन बरोबर, फक्त वरून गेले तर कानस झुकली आहे. एका बाजूने एक सोडून एक खाच, मग करवत फिरवून राहिलेल्या. कानस पुढे जातानाच दाबा, मागे आणताना उचला.

काही जुन्या करवतींचे दात मुठीकडे वळलेले आढळतात. त्या बिघडलेल्या नाहीत. जमिनीवर बसून काम करणाऱ्या सुतारांनी ओढून कापण्यासाठी त्या तशा पाडलेल्या असतात. माईटर बॉक्समध्ये मात्र ढकलून कापणारीच लागते, नाहीतर माल कुंपणापासून (ज्या उभ्या पट्टीला तो टेकवतात तिच्यापासून) पुढे सरकतो.

२०१९ च्या पुरात आमचा माईटर बॉक्स पाण्याखाली होता. सगळे स्क्रू जाम आहेत आणि बिडाचा एक पाय मोडला आहे. तो उभा राहील का? (शाहूपुरी)

राहील, मुख्य बैठक तडकलेली नसेल तर. टिचकी मारून ऐका: अखंड बीड वाजते, तडा असेल तर आवाज बसका येतो.

स्क्रूंवर आधी जोर लावू नका. रॉकेल आणि पातळ तेल सम प्रमाणात घालून दोन दिवस मुरू द्या. मग स्क्रू किंचित आवळायच्या दिशेने फिरवा, आणि त्यानंतर सोडवा. आवळताना गंजाची पकड तुटते. तरीही हलला नाही तर भोवतीचे बीड गरम करा, स्क्रू नव्हे. अमेरिकी बॉक्सचे आटे मेट्रिक नसतात, काही ठिकाणी तर बाजारात न मिळणाऱ्या मापाचे असतात. एम-६ चा स्क्रू ‘बसतोय’ म्हणून आवळलात तर बिडातले आटे गेले. मूळ स्क्रू घेऊन उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडे जा आणि त्यावरून करून घ्या.

बिडाच्या भागांचा गंज विजेवर काढता येतो. प्लास्टिकच्या टबात पाणी, दर ४-५ लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जर १२ व्होल्टचा. ऋण टोक अवजाराला, धन टोक साध्या लोखंडी सळीला. दोन्ही एकमेकांना चिकटू देऊ नका. सळी स्टेनलेसची अजिबात नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. ८ ते १२ तासांनी काळा चिखल सुटतो, तो ब्रशने धुऊन काढा आणि लगेच उन्हात किंवा गरम हवेत वाळवा. हे काम उघड्यावर करा, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात. निकेल चढवलेले भाग आणि करवतीचे पाते यात घालू नका.

मोडका पाय. तुकडा हाताशी असेल तर पितळेने ब्रेझिंग करून घ्या. पायावर फार ताण नसतो, तेवढे पुरते. वेल्डिंगच करायचे तर निकेलची कांडी, आधी गरम करणे आणि नंतर राखेत हळूहळू थंड करणे, हे सगळे हवे. साध्या कांडीने मारलेला टाका शेजारी नवा तडा पाडतो.

तुकडा हरवला असेल तर तुम्ही योग्य गावात राहता. दुसऱ्या बाजूचा पाय काढून फौंड्रीत द्या, पण तसाच पॅटर्न म्हणून वापरू देऊ नका. बीड थंड होताना फुटाला साधारण १/८ इंच, म्हणजे एक टक्का आकसते. १२० मिलिमीटर उंचीच्या पायाची नक्कल सव्वा मिलिमीटर बुटकी निघेल आणि बॉक्स डुगडुगेल. बैठकीला टेकणाऱ्या आणि जमिनीला टेकणाऱ्या बाजूंवर पुट्टीचा ३-४ मिलिमीटर थर द्या. त्यात आकसणेही भागते आणि मशीनिंगलाही माल उरतो. भोके पुट्टीने बुजवून टाका. ओतीव भोके जागा सोडतात, ती नंतर बैठकीवर ठेवून पाडा. डावा-उजवा पाय आरशातल्यासारखे उलटे आहेत का तेही आधी तपासा. तसे असतील तर नक्कल चालत नाही, पॅटर्नवाल्याकडून लाकडी पॅटर्नच करून घ्यावा लागतो.

बॉक्स ४५ वर लावून फ्रेम कापतो. तीन कोपरे जुळतात, चौथ्याला फट राहते. (महाद्वार रोड)

सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात गोळा होते. फ्रेमला आठ काप असतात. प्रत्येक काप पाव अंशाने चुकला तर शेवटी दोन अंशांची फट, म्हणजे ५० मिलिमीटर रुंद पट्टीला, तिरक्या कापाच्या लांबीवर, जवळजवळ अडीच मिलिमीटर. पण कोनाला दोष देण्याआधी समोरासमोरच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून बघा. अर्ध्याहून अधिक तक्रारी लांबीच्या असतात, कोनाच्या नव्हे. बॉक्सला लांबीचा अडथळा नसेल तर कुंपणाला लाकडी ठोकळा शिकंजाने अडकवा आणि दोन्ही पट्ट्या त्यालाच टेकवून कापा.

लांबी बरोबर असेल तर कापताना माल सरकतोय का बघा. ४५ वर करवत पट्टीला कुंपणावरून ढकलत असते. कुंपणाला १२० नंबरचा घासपेपर चिकटवा, बहुतेकदा तिथेच प्रश्न सुटतो. मग बैठकीवरची लाकडी फळी: तिच्यात जुन्या कापांच्या रुंद खाचा असतील तर करवत त्यांत भरकटते. फळी बदला, स्वस्त काम आहे.

त्यानंतर खांब. करवत ९० वर लावून पात्याला गुण्या टेकवा, कुंपणाशी आणि बैठकीशी, दोन्हीकडे. बैठकीशी फरक असेल तर खांबाच्या बुडाशी पत्र्याची पातळ चकती घाला. करवत नंतर बदललेली असेल तर तिची पाठ मूळ करवतीपेक्षा पातळ असू शकते, मग ती मार्गदर्शकात खुळखुळते. पाठीच्या करवतीच्या दातांची ओळ लाटेसारखी दिसत असेल तर पाते ठोकू नका. पाठ एका टोकाला सरकलेली असते. पाठीवर मुठीच्या बाजूला आणि टोकाला लाकडी हातोडीने हलके ठोके देऊन ती सारखी बसवा, लाट जाते.

स्टॅनलीच्या काही जुन्या बॉक्सवर अंशांऐवजी ४, ५, ६, ८, १२, २४ असे आकडे दिसतात. त्या बाजू आहेत: ६ वर सहा बाजूंची चौकट, म्हणजे ३० अंश, ८ वर साडेबावीस.

मुठीचे पितळी स्क्रू निघत नाहीत, साधा पेचकस बसत नाही. शिवाय मुठीचे वरचे टोक तुटले आहे. (जयसिंगपूर)

त्या फाटीच्या चकत्या आहेत, जुन्या करवतींवर असतात. रुंद जुना पेचकस घेऊन त्याच्या पातीच्या मधोमध कानशीने खाच पाडा, म्हणजे दोन्ही बाजूंची बोटे फाटीत बसतील आणि मधला बोल्ट मोकळा राहील. पितळ मऊ असते. जागचे हलले नाही तर थांबा आणि तेल सोडा, जोर नको.

तुटलेल्या टोकाची जागा रंध्याने सपाट करा आणि रेषा जुळतील असा ठोकळा चिकटवा. मूळ लाकूड बहुधा बीच किंवा सफरचंदाचे. आपल्याकडे शिसव रंगाने गडद पडते, जुन्या सागवानाचा तुकडा जास्त जवळ जातो. आकार देणे चिकटल्यावर दुसऱ्या दिवशी. मुठीला उकळलेल्या जवस तेलाचे दोन पातळ हात द्या. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात, पसरून वाळवा.

पावसाळ्यात करवती कशा ठेवाव्यात? मी खोबरेल तेल लावून गोणपाटात गुंडाळतो, तरी गंज येतो. (गगनबावडा)

गोणपाट ओल धरते, आणि खाण्याची तेले कालांतराने चिकट होऊन धूळ धरतात. शिवणयंत्राचे तेल फडक्याने लावा आणि वर पांढऱ्या मेणबत्तीचे मेण चोळा. चामड्याची म्यान दिसते छान, पण कमावलेल्या चामड्यातले क्षार पात्याला लागतात. दातांना पाण्याच्या पाइपचा तुकडा उभा चिरून चढवा. करवत भिंतीला न टेकवता, लाकडी खुंटीवर, खोलीच्या आतल्या भिंतीकडे टांगा. तुमच्याकडच्या पावसात दर पंधरा दिवसांनी एकदा हात फिरवून बघा; बोटाला खरखर लागली की लगेच ४०० चा पेपर आणि तेल.